हिगोनोकामीला धार येत नाही: कड गाठलीच नाही, की काएरी राहिली?

हिगोनोकामी घेतला, दगडावर अर्धा तास घासला आणि तरी कागद फाटतोय, हे बहुतेकांचं होतं. जपानातल्या मिकी गावचा हा घडीचा चाकू, १८९० च्या दशकापासून बनतोय. त्याला लॉक नसतं, मागची ती छोटी दांडी अंगठ्याने दाबून धरायची, धार लावताना पण, नाहीतर बोटावर मिटतो.

आता कापत नाही याची कारणं दोन आणि उपाय बरोब्बर उलटे, म्हणून घोळ होतो.

पहिलं, दगड अजून कडेपर्यंत पोचलेलाच नाही. याच्या पात्याचा उतार बहुतेक वेळा सपाट थेट कडेपर्यंत जातो, तो अख्खा दगडावर टेकवायचा असतो, पण कंपनीचा उतार कुठे कुठे वाकडा असतो, मग मधे घासलं जातं आणि कड कोरीच राहते. उतारावर मार्करने रेघोट्या मारा, चार वेळा घासा, कडेजवळ शाई उरली तर हेच. किंवा दिव्याखाली धार वर करून बघा, बोथट कड पांढरी चमकते. इथे अजून घासायचं, ४०० किंवा १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका लहान, तितका दगड खरखरीत), धीराने.

दुसरं म्हणजे काएरी. कड गाठली की दुसऱ्या बाजूला धातूची बारीक मिशी वळते, तिला जपानीत काएरी म्हणतात. अंगठा पाठीकडून धारेकडे सरकवत बाहेर काढा (धारेच्या लांबीवरून नाही हां!), एकाच बाजूला अडकलं की ती आहे. हिची गंमत म्हणजे चाकू आधी हातावरचे केस उडवतो आणि दोन खोके कापले की मेला. आपल्याला वाटतं स्टीलच फालतू, आणि आपण अजून जोरात घासतो, मग मिशी अजून मोठी. मी पण पहिले दोन महिने हेच केलं.

काएरीला जोर नको. बारीक दगडावर बाजू बदलत एकेक हलका हात, शेवटी नुसतं चाकूचं वजन, मग दगडावर वर्तमानपत्र ठेवून धार मागे ठेवत थोडं ओढायचं.

आणि तपासताना टोक, मध्य, मुठीजवळ असं तिन्हीकडे बघा, कारण एकाच पात्याच्या पोटावर काएरी आणि टोकाला कोरी कड असं सर्रास सापडतं, तेव्हा आधी टोक घासून घ्या, मिशी नंतर.