बॉक्स टर्टलच्या पिल्लांचे घरातील संगोपन

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या बॉक्स टर्टलच्या पिल्लांना घरातल्या बंदिस्त पेटीत, ऊब, ओल आणि प्रकाश यांवर लक्ष ठेवून वाढवण्याची पद्धत. बॉक्स टर्टल म्हणजे टेरापीन या वंशातील कासवे. त्यांचा मूळ प्रदेश अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि मेक्सिको. पोटाखालच्या कवचाला आडवी बिजागरी असल्यामुळे हे कासव डोके आणि पाय आत ओढून कवच पेटीसारखे मिटून घेते. हे नाव त्यावरूनच पडले. पिल्लाच्या बाबतीत मात्र ते लागू पडत नाही. साधारण ३ सेंमी लांबीच्या या जिवाची बिजागरी पहिली काही वर्षे कामच करत नाही. कवच मऊ असते आणि पळण्याचा वेग नगण्य. त्यामुळे ओल्या पालापाचोळ्याखाली दडून राहणे एवढाच बचाव त्याच्याकडे उरतो. रानात प्रौढ बॉक्स टर्टल सहज दिसते, पिल्लू मात्र क्वचितच नजरेस पडते. घरातली पेटी कशी असावी, हे या एका गोष्टीवरून ठरते.

अनेक नवख्या पाळणाऱ्यांची गफलत इथेच होते. बॉक्स टर्टल जमिनीवर राहते म्हणून त्याला कोरड्या प्रदेशातल्या भूकासवासारखे ठेवले जाते. वास्तविक त्याचे कुळ एमिडिडी, म्हणजे तळ्याकाठच्या कासवांचे. प्रौढ कासव काही दिवस कोरडे हवामान सोसते, पण पिल्लाच्या इवल्याशा शरीरातले पाणी झपाट्याने उडते. डोळे खोल जातात, ते खायचे थांबते आणि काही दिवसांत दगावते. अशा मृत्यूंचे खापर बहुधा न खाण्यावर फोडले जाते, पण सुरुवात कोरडेपणापासून झालेली असते.

पेटीसाठी काचेच्या टाकीपेक्षा अपारदर्शक प्लास्टिकचा टब बरा. काचेपलीकडचे दिसत असल्यामुळे पिल्लू भिंतीला धडका देत फिरत राहते आणि थकते. तळाशी ५ ते ८ सेंमी जाडीचा थर द्यावा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), खत न घातलेली माती आणि ओल धरून ठेवणारे स्फॅग्नम शेवाळ यांचे मिश्रण चांगले चालते. मूठभर मिश्रण दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये, एवढी ओल हवी. हवेतील आर्द्रता ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास राहावी. वरून कीटकनाशक न फवारलेला पालापाचोळा भरपूर पसरावा आणि झाडाच्या सालीचे तुकडे ठेवावेत. सुकी वाळू टाळावी, कारण ती पोटात जाऊन आतडे तुंबू शकते. देवदाराचा भुसाही वापरू नये. त्याच्या उग्र वासाचा श्वसनाला त्रास होतो. थर सतत ओला आणि वर हवा कोंडलेली असली, तर कवचाला बुरशी धरते. म्हणून झाकण अर्धे जाळीचे ठेवावे.

पेटीचे एक टोक २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसरे २२ ते २४ अंश असावे, म्हणजे पिल्लाला हवी ती जागा निवडता येते. ऊब वरच्या दिव्यातून द्यावी. तळाखाली गरम पट्टी ठेवणे धोक्याचे, कारण उकडू लागले की पिल्लू मातीत शिरते, आणि पट्टी खाली असेल तर ते नेमके उष्णतेच्याच दिशेने जाते. अतिनील-ब किरण देणारा दिवाही हवा. या किरणांमुळे त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होते, त्याशिवाय आहारातले कॅल्शियम हाडांना आणि कवचाला लागत नाही. खिडकीतून येणारे ऊन यासाठी उपयोगी नाही. काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. दिवा उजेड देत राहिला तरी त्यातले अतिनील किरण कालांतराने क्षीण होतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा. पिल्लू दिवसाचा बराचसा वेळ पाल्याखाली असते. त्यामुळे केवळ दिव्यावर विसंबू नये, अन्नावर मधूनमधून ड-३ युक्त कॅल्शियमची पूड भुरभुरावी.

पाणी उथळ ताटलीत, पिल्लाच्या हनुवटीच्या वर जाणार नाही एवढेच. उलटे पडलेले पिल्लू थोड्याशा पाण्यातही बुडते, म्हणून ताटलीचे काठ खरबरीत आणि उतरते असावेत. पिल्ले पाण्यातच विष्ठा करतात, त्यामुळे पाणी रोज बदलावे लागते. शिवाय पहिल्या वर्षी एक दिवसाआड तरी १५-२० मिनिटे कोमट, उथळ पाण्यात बसवावे, तेही डोळ्यांसमोर.

अंड्यातून निघाल्यावर पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी लोंबत असेल, तर ती ओढू किंवा दाबू नये. काही दिवसांत ती आत शोषली जाते आणि तोवर पिल्लाला खाण्याची गरज नसते. अंडे फोडायला लागणारा नाकावरचा टोकदार दातही आपोआप गळतो. पुढे खाणे सुरू होते ते हलणाऱ्या भक्ष्यावर. प्रौढ कासवे फळे, अळंबी, पाने, किडे असे सगळे खातात, पिल्ले मात्र बहुतांशी मांसाहारी असतात. गांडुळाचे वळवळणारे तुकडे, छोट्या गोगलगायी, लहान रातकिडे यांवर ती झडप घालतात. पाल्यात आयसोपॉड (ओल्या पाल्यात राहणारे किड्यांसारखे छोटे जीव) सोडून ठेवले, तर पिल्लू आपल्या सोयीने, लपल्या जागी शिकार करते. बुजऱ्या पिल्लाला खायला लावण्याचा याहून सोपा उपाय नाही. सोबत शिजवलेला भोपळा, रताळे, किसलेले गाजर बारीक करून द्यावे. यातील कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व मिळते. त्याच्या अभावी पापण्या सुजून डोळे मिटतात आणि कानात गळू होते, अशी तक्रार बंदिस्त बॉक्स टर्टलमध्ये वारंवार दिसते. डोळे मिटलेले पिल्लू भक्ष्य पाहूच शकत नाही, त्यामुळे उपासमारही ओघाने येते.

दर आठवड्याला ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर वजन करून वहीत लिहावे. नवजात पिल्लू जेमतेम ७ ते १० ग्रॅमचे असते, त्यामुळे एका ग्रॅमची घटही मोठी. वजन सतत उतरले, नाकपुड्यांतून बुडबुडे आले, किंवा काही महिन्यांनंतरही कवच दाबल्यावर लवत राहिले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे लगेच न्यावे. सुरुवातीला कवच नखासारखे थोडे लवणे स्वाभाविक आहे. एका पेटीत अनेक पिल्ले असल्यास शेपट्या चावल्या जातात आणि दांडगे पिल्लू खाणे बळकावते. एकेकटे ठेवल्याने त्यांचे काहीच बिघडत नाही.

कासवांच्या अंगावर माणसाला पोटाचा आजार देणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती पिल्लू देऊ नये. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांहून कमी लांबीच्या कवचाच्या कासवांची पाळीव प्राणी म्हणून विक्री बंद आहे. टेरापीन वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही १९९५ पासून साइट्स या, संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे. बॉक्स टर्टल वयात यायला अनेक वर्षे घेते, मादी एका वेळी मोजकी अंडी घालते आणि त्यातली थोडीच पिल्ले जगतात. रानातून नेलेले एकेक प्रौढ कासव भरून यायला फार काळ लागतो, म्हणून संगोपनासाठी पाळीव जोड्यांचीच पिल्ले घ्यावीत.

दोन-तीन वर्षांत पिल्लू पाल्यातून आपणहून बाहेर येऊ लागते, वनस्पतिजन्य अन्नाकडे वळते आणि टब अपुरा पडू लागतो. तेव्हा त्याला मोठ्या, शक्यतो उघड्यावरच्या पण वरून जाळी लावलेल्या कुंपणात हलवतात. उंदीर आणि कावळे यांच्यापासून धोका अजून टळलेला नसतो, कारण बिजागरी पूर्ण मिटायला आणखी काही वर्षे लागतात.