संगीतकार-चित्रकार (बडोदे)

संगीतकार-चित्रकार : गाण्याची किंवा वाद्याची रीतसर तालीम घेऊन पुढे रंग, रेषा, माती किंवा छापचित्रांकडे वळलेला कलावंत. हौसेने चित्रे काढणारे गवई आणि फावल्या वेळी तंबोरा लावून बसणारे चित्रकार पुष्कळ आहेत. त्या सगळ्यांना हे नाव लावले तर त्याला काही अर्थ उरणार नाही. ज्याचा कान, हात आणि दिवसाचा क्रम आधी संगीताने घडवला आणि ती घडण ज्याने चित्रात कामाला लावली, असा कलावंत इथे अभिप्रेत आहे. त्याच्यावरचे प्रभाव शोधताना समीक्षक बहुधा चित्रात सतार कुठे दिसते ते पाहतात, आणि बहुधा चुकतात. तालीम चित्राच्या विषयात क्वचितच उतरते; ती उतरते काम करण्याच्या रीतीत. हे पडताळून पाहायला बडोद्याइतके सोयीचे गाव दुसरे नाही, कारण तिथे गायनशाळा आणि कलाशाळा एकाच दरबाराने काढल्या आणि नंतर संगीत व चित्रकला ही दोन्ही शिक्षणे एकाच विद्यापीठाच्या छपराखाली आली.

तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत (१८७५–१९३९) दरबारचे गवई, वादक आणि नर्तकी ‘कलावंत कारखाना’ या खात्याकडे असत. खाते म्हटले की नियम आलेच. बुजुर्ग गवयांना ते जाचक वाटले असतील यात नवल नाही. पण संगीत हे मर्जीवरून उतरून शिकण्या-शिकवण्याच्या, कागदावर मांडण्याच्या कक्षेत आले ते याच वृत्तीमुळे. १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली सरकारी गायनशाळा सुरू झाली. मौलाबक्ष (१८३३–१८९६) स्वतः उत्तम गायक-बीनकार होते आणि त्यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धतीही बसवली होती. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन निघाले. त्याचा रोख उद्योगांवर होता, तरी रेखन आणि रंगकामही तिथे शिकवले जाई. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर इथेच आले आणि चित्रकला, साचेकाम, छायाचित्रण असे हाताला लागेल ते शिकले. एका विद्येचा माणूस दुसरीत गेला तर बडोद्यात कुणाच्या भुवया उंचावत नसत, त्याची ही सुरुवात म्हणता येईल.

पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली बडोद्यातच भरली, तिच्यामागे पं. विष्णु नारायण भातखंडे यांची खटपट होती. आग्रा घराण्याचे ‘आफताब-ए-मौसिकी’ उस्ताद फैयाज खाँ याच दरबारचे गायक. १९५० च्या नोव्हेंबरात त्यांचे बडोद्यात निधन झाले. महाराजा सयाजीराव विद्यापीठ त्याच्या आदल्या वर्षी स्थापन झाले होते आणि त्याची ललितकला विद्याशाखा, म्हणजे गावाच्या बोलीत ‘फाइन आर्ट्स’, १९५० सालचीच. संगीत महाविद्यालय सूरसागर तलावासमोर आणि फाइन आर्ट्स पुष्पबागेत. मधले अंतर सायकलने सहज तुटणारे. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या मराठी घरांना दोन्ही दारे जवळची. संध्याकाळी गाण्याच्या शिकवणीला जाणारा मुलगा सकाळी एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या चित्रांना बसलेला असणे यात त्या घरांना काही वेगळे वाटत नसे.

गायनशाळेने एक गोष्ट अशी केली जिचा चित्रकलेशी संबंध सहसा कुणी जोडत नाही : तिने स्वर डोळ्यांना दाखवला. पुढे सर्वत्र रूढ झालेली भातखंडे स्वरलिपी घ्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रासाठी खाली टिंब, तारसप्तकासाठी वर टिंब. एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली अर्धचंद्र, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) दाखवायला वरून कमान, समेला फुली, खालीला शून्य. दहा-बारा वर्षांचे मूल वहीत यमनची बंदिश उतरवते तेव्हा त्याला सोळा मात्रांची घरे सारखी आखावी लागतात, अक्षरे त्या घरांत बसवावी लागतात, आणि जिथे नवा स्वर येत नाही ती जागाही आडव्या रेघेने राखून ठेवावी लागते. टिंब, रेघ, कमान आणि राखलेली रिकामी जागा एवढ्या सामग्रीवर पानाची मांडणी कशी होते, हे त्याला चित्रकलेच्या पहिल्या धड्याआधीच हाताने कळलेले असते. संगीतातून आलेल्या चित्रकारांच्या कामात रिकाम्या जागेची भीती कमी दिसते, त्याचे मूळ बरेचसे या वह्यांत आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘संगीतातली शांतता’ वगैरे मोठे शब्द त्यासाठी लागत नाहीत.

भारतात या प्रकारचे सर्वांत ठळक उदाहरण रवींद्रनाथ ठाकुरांचे. दोन हजारांहून अधिक गाण्यांचा हा रचनाकार साठी ओलांडल्यावर चित्रांकडे वळला. १९२४ च्या सुमारास ‘पूरबी’च्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता जोडता त्यांतून पक्षी, जनावरे, चेहरे निघू लागले, १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन झाले. खोडलेला शब्द टाकून न देता त्याला लयीत बसवायचे, ही गीतकाराचीच खोड. त्याच वर्षाच्या आरंभी त्यांनी बडोद्यात माणसातल्या कलावंताविषयी व्याख्यान दिले होते. युरोपात लिथुएनियाचा चुर्ल्योनिस (१८७५–१९११) वॉर्सा आणि लाइपझिग इथे रचनाशास्त्र शिकून चित्रकार झाला. सोनाटा या पाश्चात्त्य वाद्यरचनेच्या भागांप्रमाणे त्याने चित्रांचे संच केले आणि त्यांना अ‍ॅलेग्रो, अँडान्टे अशी लयदर्शक नावे दिली. चित्रकार पॉल क्ले बर्नच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत असे. १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्याला भरलेल्या बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या प्रदर्शनात क्लेची चित्रे होती.

बडोद्याशी रवींद्रनाथांचा खरा धागा मात्र व्याख्यानापेक्षा भिंतींतून जुळतो. गायकवाड घराण्याच्या स्मारकात, कीर्तिमंदिरात, शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बसूंनी १९३९ ते १९४६ या काळात आपल्या शिष्यांसह भित्तिचित्रे केली. विषय चार : गंगावतरण, मीराबाईचे जीवन, नटीर पूजा आणि महाभारताचे युद्ध. ‘नटीर पूजा’ हे रवींद्रनाथांचे १९२६ चे नाटक. राजाची बंदी झुगारून बुद्धाची पूजा नृत्यातून करणारी आणि त्यापायी प्राण गमावणारी श्रीमती ही त्याची नायिका, आणि शांतिनिकेतनात ती भूमिका नंदलालांच्याच मुलीने, गौरीने, केली होती. म्हणजे या भिंतीवर एका संगीतकाराची रचना आहे, ती नाचलेल्या मुलीच्या बापाच्या हातची. समोर उभे राहिल्यावर जाणवते ती गर्दीची चाल. आकृत्या थांबलेल्या असल्या तरी त्यांच्यातली अंतरे एका ठेक्याने कमी-जास्त होतात आणि नजर त्या ठेक्याने पुढे सरकते. मीराबाईच्या भिंतीवरही भजनाचा प्रसंग आहे म्हणून संगीत शोधायला जाऊ नये. ते याच अंतरांत आहे. शिल्पकार शंखो चौधुरी आणि चित्रकार के. जी. सुब्रमण्यन हे दोघे शांतिनिकेतनात शिकून बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकवायला आले, त्यामुळे हा वारसा वर्गातही पोहोचला. सुब्रमण्यन यांनी लखनौच्या रवींद्रालयासाठी १९६३ मध्ये भाजक्या मातीत केलेले मोठे भित्तिशिल्प रवींद्रनाथांच्याच नाटकावर आधारलेले आहे.

इथे रागमाला चित्रांविषयीचा एक गैरसमज दूर करायला हवा. वीणा घेतलेली तोडी आणि तिच्याभोवती हरणे, सापांत बसलेली आसावरी, झोपाळ्यावरचा हिंदोल ही चित्रे दाखवून ‘आपल्याकडे संगीत आणि चित्र एकच होते’ असे सर्रास सांगितले जाते. पण रागमालेचा चितारी गवई नव्हता. त्याच्यासमोर ध्यानश्लोक किंवा दोहे असत, आणि त्या मजकुरावरून तो नायक-नायिका रंगवी. एकाच नावाच्या रागिणीचे चित्र माळव्यात एक आणि पहाडी प्रदेशात दुसरेच, ते त्यामुळेच. रागात ऋषभ कोमल की शुद्ध, याचा त्या चित्रांना पत्ताही नसतो. रागमाला सुंदर आहे, पण ती कवितेची चित्रे आहेत. संगीतकार-चित्रकाराचा मार्ग वेगळा. तो ऐकलेल्या वर्णनावरून निघत नाही, रोज गळ्यातून किंवा बोटांतून काढलेल्या स्वरावरून निघतो.

तो मार्ग कसा, हे रियाझ पाहिल्याशिवाय कळत नाही. विलंबित ख्याल शिकणारा विद्यार्थी महिनोन्‌महिने तीन-चार स्वरांतच फिरतो. षड्‌जावर उभे राहायचे, निषादाला स्पर्श करून परतायचे, गांधार लगेच दाखवायचा नाही. बढत म्हणतात ती हीच : साहित्य थोडे, घाई नाही, आणि पुढचा स्वर येईपर्यंत त्याची वाट पाहायला लावायची. हा विद्यार्थी रंगाकडे आला की पॅलेटवर दोनच रंग काढतो आणि तेवढ्यावर वीस चित्रे करतो. बाहेरच्याला हा कंजूषपणा वाटतो. तालाचाही असाच संस्कार. आवर्तन पुन्हा पुन्हा तेच येते, पण समेवर येण्याची वाट दर वेळी निराळी. त्यामुळे पुनरावृत्तीचा त्याला कंटाळा नसतो. तबलजी मंडळी छापचित्रात लवकर रुळतात असे शिक्षकांकडून ऐकायला मिळते, आणि ते पटण्यासारखे आहे : एकाच पाटीवरून पंधरा छाप काढताना प्रत्येक छापाकडे नव्याने पाहण्याची ताकद कायदा-पलट्यांनी, म्हणजे तेच बोल फिरवून फिरवून वाजवण्याच्या तालमीने, दिलेली असते.

वाद्याच्या अंगाचाही हिशेब धरावा लागतो. तंबोऱ्याची जवारी लावणे हे बोटांच्या टोकाचे काम आहे. घोडीवरून तार जाते तिथे तिच्याखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात. केसभर पुढे गेला तर आवाज बंद, केसभर मागे आला तर तार नुसती खणखणते. मधल्या एका जागी जवारी खुलते आणि तारेतून गुंजन उठते. ती जागा डोळ्यांना दिसत नाही; कान आणि चिमूट मिळून ती शोधतात. हे वर्षानुवर्षे केलेल्या माणसाला अम्लरेखनाच्या (एचिंगच्या) जस्ती पाटीवरची शाई किती पुसायची हे सांगावे लागत नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांना कितपत भिडले की काम होते, हा प्रश्न त्याने आधीच सोडवलेला असतो.

अडचण येते ती घराण्याची. गुरूची फिरत, गुरूचा आवाज लावण्याचा ढंग, गुरूचा उच्चारसुद्धा जसाच्या तसा उचलण्यात तालमीची पहिली कैक वर्षे जातात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. फाइन आर्ट्समध्ये दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच ‘तुझे स्वतःचे काय?’ असा प्रश्न समोर येतो. गाण्यातून आलेला विद्यार्थी इथे गोंधळतो. वस्तुचित्रण, व्यक्तिचित्रण, जुन्या चित्रांच्या प्रतिकृती यांत तो वर्गाच्या पुढे असतो. रचनाचित्र आले की हात आखडतो. बरेच जण याच वळणावर परत सूरसागरकडे जातात. टिकतात ते बहुधा असे की ज्यांना गाण्यात उपज जमलेली असते, म्हणजे गुरूच्या चौकटीत राहून आपली जागा घेण्याची सवय झालेली असते.

अशा उशिरा आलेल्यांना बडोद्याने जागा दिली, याचे श्रेय पहिल्या पिढीच्या शिक्षकांना आहे. चित्रकला विभाग उभा करणारे नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरचे. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांचे शिष्य. १९५० मध्ये ते बडोद्याला आले आणि १९६६ पर्यंत राहिले. एकच शैली शिकवण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. सुब्रमण्यन स्वतः आधी अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. भूपेन खख्खर हे सनदी लेखापाल, हिशेबतपासनिसाचे काम सांभाळून चित्रे काढणारे. गुलाममोहम्मद शेख हे गुजराती कवी. या मंडळींत एखादा गवई आला तर तो पाहुणा ठरत नसे.

गायकवाड घराण्यातच याचे एक उदाहरण आहे. रणजितसिंह गायकवाड (१९३८–२०१२) फाइन आर्ट्सचे विद्यार्थी, चित्रकार आणि शास्त्रीय गायक. १९८० ते १९८९ ते लोकसभेतही होते. गाणे सोडून चित्र धरले असे त्यांच्याबाबत म्हणता येत नाही, दोन्ही शेवटपर्यंत चालू राहिले. त्यामुळे व्याख्येच्या काटेकोर अर्थाने ते इथे बसतात की नाही यावर वाद घालता येईल. नसरीन मोहम्मदी (१९३७–१९९०) यांच्याबाबत तो वादही नाही. १९७२ पासून अखेरपर्यंत त्यांनी बडोद्यात शिकवले, हिंदुस्तानी संगीताची त्यांना ओढ होती, आणि त्यांच्या पेन्सिल-शाईच्या बारीक समांतर रेषा पाहून लिहिणाऱ्यांना तानपुऱ्याच्या तारा आठवतात. पण त्या श्रोत्या होत्या, संगीतकार नव्हेत. ऐकून घडलेला कलावंत आणि गाऊन घडलेला कलावंत यांत फरक केला नाही, तर या नोंदीत निम्मे भारतीय चित्रकार घालावे लागतील.

दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांची प्रत्यक्ष गाठ वर्गांपेक्षा बाहेर जास्त पडते. १९६० च्या दशकात सुरू झालेल्या फाइन आर्ट्सच्या मेळ्यासाठी शिक्षक-विद्यार्थी मिळून खेळणी, बाहुल्या, मुखवटे करीत. सुब्रमण्यन यांची लाकडी खेळणी त्यातलीच. नवरात्रात फाइन आर्ट्सच्या अंगणातला गरबा गावात प्रसिद्ध आहे. दांडिया बाजाराच्या बाजूला गणपतीच्या दिवसांत हेच हात मखरे आणि देखावे उभारतात, आणि आरतीला पेटी-तबल्यावरही पुष्कळदा तेच असतात.