पाराद (बॅले)

सर्गेई द्यागिलेव यांच्या ‘बॅले रूस’ या मंडळीने १८ मे १९१७ रोजी पॅरिसच्या शातले थिएटरात रंगमंचावर आणलेला एकांकी बॅले. कल्पना व संहिता कवी जाँ कॉक्तो यांची, संगीत एरिक साती यांचे, नृत्यरचना लेओनिद मासिन यांची. पडदा, नेपथ्य आणि वेशभूषा पाब्लो पिकासो यांची. वाद्यवृंदाचे संचालन एर्नेस्त आन्सेर्मे यांनी केले. प्रयोग जेमतेम पंधरा मिनिटांचा, पण त्यातल्या काही पात्रांच्या बाबतीत पोशाख आधी ठरला आणि पाऊल नंतर बसवले गेले. घनवादी चित्रकला, म्हणजे वस्तूंचे कोनाकोनांचे तुकडे करून दाखवणारी शैली, कॅनव्हासवरून उतरून चालू-फिरू लागली ती इथेच.

फ्रेंचमध्ये ‘पाराद’ म्हणजे संचलन, आणि जत्रेतल्या तंबूबाहेर फळीवर फुकट दाखवायची झलकही. बॅलेचे नाव या दुसऱ्या अर्थाने आहे. खरा खेळ आत. बाहेर दोनचार करामती दाखवायच्या, कर्ण्यावरून ओरडायचे आणि गिऱ्हाईक तंबूत ओढायचे. कथानक एवढेच: तीन मॅनेजर आपापल्या कलावंतांची जाहिरात करतात, लोक झलकीलाच खेळ समजतात आणि आत कोणीच जात नाही. ओरडून ओरडून मॅनेजर कोसळतात, मग कलावंत स्वतः बाहेर येऊन समजावू पाहतात, तेही व्यर्थ.

फेब्रुवारी १९१७ मध्ये कॉक्तो आणि पिकासो रोमला गेले. मासिन आणि मंडळी तिथे होती. साती मात्र पॅरिसमध्येच राहिले. कॉक्तोंच्या मूळ आराखड्यात मॅनेजर नव्हतेच. प्रत्येक करामतीच्या वेळी एक अदृश्य आवाज कर्ण्यातून शब्द फेकणार होता. रोममध्ये पिकासोंनी त्या आवाजाला शरीर दिले, आणि शब्द गळून पडले. पोशाख उभारण्याच्या कामात इटालियन भविष्यवादी (यंत्र आणि वेग यांचा गौरव करणाऱ्या पंथातले) कलावंत फोर्तुनातो देपेरो यांची मदत झाली.

हे मॅनेजर म्हणजे सुमारे तीन मीटर उंचीची चालती बांधकामे. फ्रेंच मॅनेजरच्या हातात काठी आणि लांब पाइप, पाठीवर पॅरिसच्या रस्त्याकडेच्या झाडांची आकृती. अमेरिकन मॅनेजरच्या खांद्यांवर गगनचुंबी इमारती, हातात कर्णा, पायात काउबॉयचे बूट. आत एकेकच नर्तक. सांगाडा खांद्यांवर पेललेला असल्याने त्याचे धड वाकत नाही, हात अर्धेच हलतात, समोरचे एका फटीतून दिसते तेवढेच. उडी अशक्य; गिरकी धोक्याची. नर्तक थांबला तरी वरचा डोलारा लगेच थांबत नाही, आणि त्या झोक्याने तोल जातो. म्हणून दिशा बदलायची ती पूर्ण थांबून, पाय रोवून. हाती उरते ते पाय आपटणे, आणि मासिन यांनी मॅनेजरांची भाषा त्यातूनच घडवली. पुढच्या काळात जिथे हे पोशाख हलक्या साहित्याचे केले जातात, तिथे एक गोष्ट हमखास बिघडते: वजन गेले की पावलातला दणका जातो, आणि मॅनेजर भीतिदायक न वाटता खेळण्यासारखे दिसू लागतात. या राक्षसी आकृतींशेजारी साधे नर्तक बाहुल्यांएवढे दिसावेत, हाच तर सगळा बेत होता.

तिसरा मॅनेजर घोड्यावर बसून येणार होता. घोडा म्हणजे कापडाखाली दोन नर्तक, एक पुढचे पाय आणि एक मागचे. वर स्वाराचा पुतळा. तालमीत पुतळा टिकेना, घसरून पडू लागला. शेवटी स्वार काढूनच टाकला आणि घोडा एकटा राहिला. त्याच्या नाचाला संगीत नाही. पूर्ण शांततेत लाकडी फळ्यांवर फक्त चार पावलांचा आवाज येतो. आतल्या दोघांना मोजायला ताल नाही, एकमेकांचे तोंड दिसत नाही. पुढच्याच्या श्वासावर आणि पावलाच्या कंपावर मागच्याने चालायचे. गोंगाटासाठी गाजलेल्या या बॅलेतला सर्वांत धीट क्षण हा निःशब्द घोड्याचा आहे.

करामती तीन. चिनी जादूगाराची भूमिका मासिन यांनी स्वतः केली: तो अंडे गिळतो, ते बुटाच्या टोकातून काढून दाखवतो, तोंडातून ज्वाळा फेकतो. हे सगळे नुसत्या अभिनयाने. हातात खरे अंडे नसतेच. अमेरिकन मुलगी (मारिया शाबेल्स्का) सायकल चालवते, चार्ली चॅप्लिनची नक्कल करते, पिस्तूल घेऊन चोरामागे धावते, फोटो काढते, बुडत्या जहाजावर सापडते, आणि हे सारे काही मिनिटांत. मूकपटाची घाई शरीरात आणायची असल्याने दोन कृतींमध्ये जोड देता येत नाही. नर्तिकेने मधले दुवे गुळगुळीत केले, तर प्रसंग नुसता गोड होऊन बसतो. कसरतपटू आधी एकच होता. मासिन यांनी जोडी केली आणि लिदिया लोपोकोवा व निकोलाय झ्वेरेव यांना घेतले. त्यांच्या निळ्या-पांढऱ्या अंगालगतच्या पोशाखावर वळणदार रेषा रंगवलेल्या होत्या. पारंपरिक बॅलेची उचल आणि तोल इथेच थोडा दिसतो.

सातींचे संगीत शांत, कोरडे आणि हट्टी आहे. लाल पडद्यासाठीच्या प्रस्तावनेने ते सुरू होते आणि तिच्याच तुकड्याने संपते. बहुतांश भाग मिनिटाला ७६ ठोक्यांच्या एकाच चालीत जातो. संचालकाने भावनेच्या भरात लय मागेपुढे केली की सगळे विस्कटते, कारण हास्य आणि ताण दोन्ही त्या न हलणाऱ्या चालीतून येतात. मुलीच्या प्रसंगातला रॅगटाइम (ठोका हटवून वाजवायची अमेरिकन संगीतशैली) अमेरिकन गीतकार अर्विंग बर्लिन यांच्या १९११ मधल्या एका गाण्याच्या लयीवर बेतलेला आहे; स्वर मात्र सातींचे.

वाद्यवृंदात टाइपरायटर, पिस्तूल, भोंगा, लॉटरीचे चक्र आणि बाटल्यांचे वाद्य आहे. ही मागणी मुख्यतः कॉक्तोंची. घनवादी चित्रकार चित्रात वर्तमानपत्राचा खराखुरा तुकडा चिकटवतात, तसे हे आवाज संगीतात यावेत, असे त्यांना वाटे. पहिल्या प्रयोगात यातले बरेच आवाज अडचणींमुळे गाळावे लागले. आजही वाजवणाऱ्यांना हा भाग सोपा वाटतो आणि तिथेच चूक होते. टाइपरायटर जुना, यांत्रिकच लागतो. कळ दाबताच ठोका यायला हवा, शिवाय ओळ संपून कागद सरकवणारी गाडी अडकू नये म्हणून ती केव्हा मागे ओढायची हे आधी ठरवावे लागते. बाटल्या टांगून त्यांत पाणी भरून सूर जुळवतात आणि काठीने वाजवतात. पाणी वाढवले की सूर उतरतो, कमी केले की चढतो (फुंकून वाजवल्यास याच्या नेमके उलटे). दिव्यांच्या उष्णतेत पाणी आटत जाते, त्यामुळे दुपारी जुळवलेला सूर रात्री चढलेला सापडतो. प्रयोगाआधी पुन्हा तपासणे भाग असते.

पिकासोंचा दर्शनी पडदा सुमारे १०.५ मीटर उंच आणि १६.४ मीटर रुंद आहे. कापडावर सरसात कालवलेले रंग. उजवीकडे मेजाभोवती विदूषक, खलाशी, गिटारवाला. डावीकडे पंखांची घोडी, तिचे शिंगरू, तिच्या पाठीवर पंखधारी नर्तिका, शिडीवर माकड. चित्र हळवे, ओळखीचे. त्यात घनवादाचा मागमूस नाही. प्रस्तावना चालू असताना प्रेक्षक त्याकडे बघून निवांत झाले, आणि पडदा वर जाताच मॅनेजर पाय आपटत आला. हा धक्का योजलेला होता. १९५५ पासून पडदा पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे आहे. सरसाचा रंग लवचीक नसतो, घडीवर तडकून त्याचे पापुद्रे सुटतात; शिवाय एवढे मोठे दालन मिळणे कठीण. म्हणून तो क्वचितच बाहेर निघतो.

पहिल्या प्रयोगाला सभागृहात शिट्ट्या, टाळ्या आणि शिव्या एकदमच उसळल्या. पहिले महायुद्ध चालू होते. पॅरिसपासून काही तासांच्या अंतरावर फ्रेंच सैन्याची एप्रिलमधली चढाई फसली होती, पलटणींत अवज्ञा पसरत होती. अशा वेळी घोड्याचा नाच बघून लोक कलावंतांना ‘शत्रूचे हस्तक’ म्हणाले, यात केवळ अडाणीपणा पाहणे अन्यायाचे होईल. हा प्रयोग युद्धपीडितांच्या मदतीसाठीच होता, हेही विसरू नये. एका समीक्षकाला सातींनी उघड्या पोस्टकार्डावर अश्लील शिवी लिहून पाठवली. कार्ड कोणीही वाचू शकत असल्याने ती बदनामी ठरली आणि त्यांना आठ दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली; ती पुढे स्थगित झाली.

प्रयोगाच्या पत्रिकेतला परिचय कवी गियोम आपोलिनेर यांनी लिहिला होता. चित्र आणि नृत्य यांच्या या मेळातून ‘एक प्रकारचा अतिवास्तववाद’ जन्मला, असे त्यांनी त्यात म्हटले. शब्द तेव्हा नवा होता; स्वप्न आणि अबोध मन यांना वाट देणाऱ्या चळवळीचे नाव तो पुढे झाला. त्या चळवळीचा, कवी आंद्रे ब्रतों यांचा जाहीरनामा यायला १९२४ उजाडले.

पुढची पावले स्वीडिश बॅले मंडळीने टाकली. १९२१ मध्ये कॉक्तोंच्या आयफेल टॉवरवरच्या लग्नाच्या खेळात ग्रामोफोनच्या वेशातले दोन नट सगळे बोलत आणि नर्तक मुके राहत. मॅनेजरांच्या निमित्ताने टाकलेला आवाज असा परत आला. १९२४ मध्ये साती आणि चित्रकार फ्रान्सिस पिकाबिया यांनी ‘रेलाश’ हा बॅले केला. या शब्दाचा अर्थ ‘आज प्रयोग नाही’. मुख्य नर्तक आजारी पडल्याने पहिल्या रात्री खरोखरच प्रयोग झाला नाही, आणि जमलेल्या लोकांना ती गंमत की बातमी हे कळेना. मूळ ‘पाराद’ मासिन यांनी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉफ्री बॅलेसाठी पुन्हा उभा केला.