चित्राकडे बघू दे त्याला

आजी नातवाला मांडीवर घेऊन गोष्ट वाचते, तेव्हा नातवाचे डोळे पानावर नेमके कुठे असतात? कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि ज्याँ सेंट-ऑबँ यांनी डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र लावून हे तपासलं आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. डोळे चित्रावर असतात. पानाची मांडणी बदलून पाहिली तरी अक्षरांकडे मूल चुकूनमाकूनच बघतं. बडोद्यात दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत मराठी घरांत ‘चित्रं कसली बघतोस, अक्षरांवर लक्ष दे’ असं दटावणारं कुणी ना कुणी असतंच, म्हणून हे मुद्दाम सांगतो. नुसतं मांडीवर बसून ऐकताना मूल अक्षरं फारशी शिकत नाही. मग शिकतं काय?

शब्द. हेज आणि अहरेन्स या अमेरिकी संशोधकांनी १९८८ मध्ये एक मोजदाद मांडली. पदवीधर माणसांच्या आपसातल्या गप्पांत दर हजार शब्दांमागे साधारण १७ शब्द क्वचित कानावर पडणारे होते. मुलांच्या पुस्तकांत ३१. मोजणी इंग्रजीतली आहे, पण कारण आपल्याकडेही तेच. ‘दूध संपव’, ‘रिक्षा आली’, ‘गृहपाठ झाला का’ एवढ्यावर घरचा अख्खा दिवस निभतो. हिरमुसला, डोकावला, कावराबावरा, पाणवठा हे शब्द त्यात कुठून येणार? पुण्यातल्या मुलाला ते निदान शाळेत किंवा शेजारी भेटतील. बडोद्यातल्या मुलाच्या गल्लीत गुजराती, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी. त्याला ‘हिरमुसला’ भेटायचा तर पुस्तकातच.

वाचायचं कसं, यानेही फरक पडतो. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले. दोन्ही गट घरी वाचत होतेच. एका गटाला एवढंच शिकवलं, की ‘हो-नाही’चे प्रश्न टाळा, ‘काय चाललंय’ विचारा, मूल जे बोलेल त्यात दोन शब्द घालून परत म्हणा. महिनाभरात त्या मुलांचं बोलणं दुसऱ्या गटापेक्षा कित्येक महिने पुढे गेलं. हे १९८८ मध्येच प्रसिद्ध झालं. आपल्याकडे ते असं दिसेल:

‘हे कोण रे?’
‘बिलाडी.’
‘हो, मांजर. कुठे दडून बसलंय?’
‘कपाटामागे.’
‘कपाटामागे, अंधारात! कशाला बरं दडलं असेल?’

‘बिलाडी नाही, मांजर म्हण’ असा दम आजीने दिला नाही. गुजराती शब्द मान्य करून मराठी शब्द पुढे सरकवला, आणि गोष्ट चालू राहिली. पानं उरकण्यापेक्षा हे महत्त्वाचं, असं माझं मत. अर्धं पुस्तक राहिलं तर राहू दे.

आता अक्षरांकडे. गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं गणित मांडलं: समजून वाचणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा कळणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक आकडा शून्य तर उत्तर शून्य. बडोद्यात हे रोज दिसतं. हिंदी विषयामुळे देवनागरी येते, मूल मराठी पानसुद्धा घडाघडा वाचून दाखवतं, आणि ‘काय वाचलंस?’ विचारलं की गप्प!

सयाजीराव महाराजांनी यातला पहिला आकडा कायद्याने सोडवला. १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग, १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण. पण शाळा सुटली की शिकलेलं विरतं हेही त्यांनी हेरलं, आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या.

अक्षरं उलगडणं मात्र मेंदूला जड जातं. बोलणं फार जुनं. लिहिणं जेमतेम पाच हजार वर्षांचं. त्यासाठी मेंदूत तयार जागा नाही. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातलाच, डाव्या बाजूला खालचा तुकडा सरावाने अक्षरांसाठी राबवला जातो. लखनऊजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक बायका, सहा महिने देवनागरी शिकवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा मेंदूच्या खोलवरच्या भागांचा दृष्टीच्या केंद्रांशी असलेला मेळही बदललेला आढळला. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरात कुणी ‘माझं आता वय झालं’ म्हणत असेल तर त्यांना हे ऐकवा.

देवनागरीची स्वतःची एक खोडही आहे. ‘मिठाई’ वाचताना डोळ्यांना आधी वेलांटी भेटते, पण तोंडाने आधी ‘म’ म्हणायचा. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये दाखवलं, की हिंदी वाचणारे अशा शब्दांवर किंचित अडखळतात. गुजरातीतही ही वेलांटी आधीच येते, म्हणजे गुजराती माध्यमाच्या मुलाने ही अडचण एकदा ओलांडलेली असते. ग, घ, न, म हे तर शिरोरेषा पुसली की जवळजवळ तेच. घरी क, ख, च, ज, झ, फ, ब अशा वेगळ्या दिसणाऱ्या अक्षरांवर थोडा वेळ द्या, बाकीचं बरंचसं ओळखीचंच निघेल. मात्र वाचताना ओळीखाली बोट फिरवा. बोट फिरलं की मुलाची नजर अक्षरांकडे जास्त वळते, हे अशाच डोळ्यांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. प्रत्येक ओळीला नको, गोष्टीचा विचका होतो. एखादा मोठा शब्द आला की पुरे.

एक खोड आपलीही. मूल स्वतः वाचू लागलं की ‘आता तुझं तू वाच’ म्हणून आपण सुटका करून घेतो. तिसरी-चौथीतल्या मुलाला ऐकून कळणारी गोष्ट त्याला स्वतः वाचून झेपणाऱ्या गोष्टीपेक्षा बरीच वरची असते, आणि ही तफावत पुढेही काही वर्षं राहते. म्हणून अर्धं पान त्याने, दोन पानं बाबांनी वाचावीत. बाबांची मराठी गुजराती वळणाची असेल तरी चालेल.