मध्यवर्ती बँक व संकटकालीन राज्यसत्ता : स्वातंत्र्यवादी टीका

युद्ध, परकीय चलनाची चणचण, महामारी किंवा बँकांची पडझड अशा राष्ट्रीय संकटांत शासन आणि मध्यवर्ती बँक जे जादा अधिकार हाती घेतात, ते संकट टळल्यावर पुरते परत येत नाहीत. त्यांची किंमत मुख्यतः रोख पैसा आणि छोटी बचत बाळगणारा माणूस मोजतो, असे मांडणारी अर्थ-राजकीय टीका. तिच्या पुरस्कर्त्यांना ‘लिबर्टेरियन’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘उदारमतवादी’ हा शब्दही आढळतो. पण रानडे-गोखले परंपरेतील उदारमतवादी शासनाकडून शिक्षण, उद्योगांना संरक्षण अशा पुष्कळ गोष्टींची अपेक्षा करीत. म्हणून येथे ‘स्वातंत्र्यवादी’ हा शब्द घेतला आहे. या नोंदीतील उदाहरणे शक्यतो बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील आहेत, कारण या टीकेतील जवळजवळ प्रत्येक मुद्दा येथील सराफी, तंबाखू आणि मागावर घडून गेला आहे.

कल्पनेचा उगम

संकटात वाढलेली सत्ता मूळ पातळीवर परतत नाही, हे सूत्र सामान्यतः अमेरिकन अर्थेतिहासकार रॉबर्ट हिग्ज यांच्या नावे सांगतात. त्यांनी १९८७ मध्ये त्याला ‘रॅचेट परिणाम’ म्हटले. बेळगावातील वडगाव-शहापूरच्या विणकराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. विणलेले कापड गुंडाळणाऱ्या रुळाला दातेरी चाक असते. ते पुढे फिरते आणि मागे फिरू नये म्हणून त्याच्या दातात एक खिटी अडकलेली असते. हिग्ज यांना हेच अभिप्रेत आहे.

जनकत्वाचा मान मात्र एकट्या हिग्ज यांना देता येत नाही. ॲलन पीकॉक व जॅक वाइजमन यांनी १९६१ मध्ये ब्रिटनच्या सरकारी खर्चाचा अभ्यास करून दाखवले होते, की एरवी लोक जे कर सोसणार नाहीत ते महायुद्धात सोसतात आणि युद्धानंतर खर्च उतरला तरी जुन्या पातळीला येत नाही. त्याहीआधी, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, अमेरिकन लेखक रँडॉल्फ बोर्न यांनी युद्धातच राज्यसंस्था धष्टपुष्ट होते अशा आशयाचे लिहिले. आणि जेम्स मॅडिसन यांनी १७९५ मध्ये युद्ध, कर्ज व कर यांची साखळी सांगितली होती. काही अभ्यासक म्हणूनच हिग्ज यांना केवळ संकलक मानतात. हे मत फारसे न्याय्य वाटत नाही. पीकॉक-वाइजमन खर्च मोजतात. हिग्ज कायदे, न्यायालयीन निवाडे आणि लोकांची सवय मोजतात. भारताच्या बाबतीत संकटांनंतर मागे उरले ते प्रामुख्याने कायदेच, त्यामुळे येथे हिग्ज यांचीच मोजपट्टी अधिक उपयोगी पडते.

पैशाच्या अंगाने ही टीका ‘ऑस्ट्रियन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुक्त बाजारवादी अर्थशास्त्रीय संप्रदायाकडून येते. बँक ऑफ इंग्लंड १६९४ मध्ये स्थापन झाली तीच फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी राजाला १२ लाख पौंड कर्ज देण्याकरिता. फेडरल रिझर्व्हचा कायदा १९१३ चा, आणि १९३३ मध्ये अमेरिकन नागरिकांना सोने सरकारजमा करण्याचा हुकूम निघाला. लुडविग फॉन मिझेस यांना सुवर्णचलन हवे होते. फ्रीड्रिख हायेक यांनी १९७६ मध्ये नोटा काढण्याची शासनाची मक्तेदारीच मोडावी असे सुचवले. मरी रॉथबार्ड यांना मध्यवर्ती बँकच नको होती. मिल्टन फ्रीडमन यांना त्यांच्यात गणण्याची प्रथा आहे, परंतु त्यांचा भर बँक रद्द करण्यापेक्षा चलनपुरवठा वाढण्याचा दर नियमाने बांधण्यावर होता.

भारतीय पूर्वपीठिका

भारतातील या विचाराला परदेशी कलम समजणे बरोबर नाही. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या आणि रुपया कृत्रिमरीत्या महाग झाला. सरकारी शिलकीचे अंदाजपत्रक हे समृद्धीचे लक्षण नसून या महाग रुपयातून रयतेवर पडलेला छुपा कर आहे, असे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पावरील भाषणात दाखवून दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मधील रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात सुवर्ण विनिमय परिमाणावर (रुपया थेट सोन्यात न बदलता त्याचा सोन्याशी दर सरकारने विनिमयातून सांभाळण्याच्या पद्धतीवर) टीका केली ती याच दिशेची: चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर जे परिमाण चालते त्यात रुपयाची किंमत सुरक्षित राहत नाही. १९२५ मध्ये ते बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी निपाणीत आले होते. त्याच वर्षी भारताच्या चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. आंबेडकर राज्यसंस्थेचे विरोधक नव्हते, त्यामुळे त्यांना स्वातंत्र्यवादी म्हणणे ओढून ताणून होईल. पण चलन काढण्याला पक्की मर्यादा हवी, हा त्यांचा आग्रह या टीकेतील सर्वांत टिकाऊ भाग आहे. १९५५ मध्ये अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तुटीच्या अर्थभरण्याविरुद्ध भिन्नमतपत्रिका जोडली, तीही याच धाग्यात बसते.

ही मर्यादा कशी सैल झाली हे रिझर्व्ह बँक कायद्याच्या ३३ व्या कलमात पाहावे. बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली तेव्हा नोटांमागील मालमत्तेपैकी दोन-पंचमांश भाग सोने व स्टर्लिंग (ब्रिटिश पौंडातील) रोख्यांत हवा, आणि त्यात किमान ४० कोटी रुपयांचे सोने हवे, असा नियम होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारतात केलेल्या खर्चापोटी लंडनमध्ये स्टर्लिंग जमा होई आणि त्याच्या आधारावर येथे नोटा छापल्या जात. नियम शब्दशः पाळला गेला, तरी चलनातील नोटा १९३९ ते १९४५ मध्ये सहापटींहून अधिक झाल्या आणि महागाईने माणसे पोळली. १९५६ मध्ये प्रमाणाचा नियमच गेला. त्याच्या जागी ११५ कोटींचे सोने व ४०० कोटींचे परकीय रोखे अशी ठोक रक्कम आली, आणि सोन्याचे हिशेबी मूल्य तोळ्याला २१.२४ रुपयांवरून ६२.५० रुपये धरले गेले. ४० कोटींचे सोने गुंजभरही न वाढता सुमारे ११८ कोटींचे झाले! पुढच्याच वर्षी, परकीय चलनाच्या संकटात, दोन्ही मिळून २०० कोटी पुरेत असे ठरले. संकट गेले, २०० कोटींचा आकडा आजही कायद्यात आहे, आणि चलनातील नोटा २०२४ मध्ये ३५ लाख कोटींच्या घरात होत्या. १९३९ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली आलेले परकीय चलन नियंत्रणही १९४७ च्या कायद्याने कायम झाले. १९४६ च्या अत्यावश्यक पुरवठा कायद्याच्या नावातच ‘तात्पुरते अधिकार’ असे शब्द होते; १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात ते शब्द राहिले नाहीत.

मुक्त चलनाचे काही पुरस्कर्ते पेशवाईतील टांकसाळींचा दाखला देतात. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना रुपये दक्षिण महाराष्ट्रात एकाच वेळी चालत आणि सराफ कस पाहून बट्टा (नाण्याच्या दर्जानुसार घट) कापून घेई. १८३५ नंतर कंपनी सरकारच्या एकसारख्या रुपयाने हळूहळू ही विविधता संपवली. मात्र टांकसाळी सरकारकडून ठेक्याने दिल्या जात, त्यामुळे याला खुली स्पर्धा म्हणणे कठीण आहे. बट्ट्याचा भुर्दंड शेवटी शेतसारा भरणाऱ्या कुळावरच येई, हेही विसरता येत नाही.

तंबाखू आणि सोने

निपाणी परिसरातील विडीच्या तंबाखूवर १९४३ मध्ये युद्धखर्चासाठी केंद्रीय शुल्क बसले. तोवर शेतकरी आणि व्यापारी यांच्यात चालणाऱ्या व्यवहारात निरीक्षक आला. किती रानात लागण आहे याची नोंद, पाल्याचे वजन, वखारीला कुलूप, आणि परवान्याशिवाय बोद (तंबाखूचे गठ्ठे) हलवायचे नाहीत, अशी ती व्यवस्था होती. युद्ध १९४५ मध्ये थांबले. कच्च्या तंबाखूवरील शुल्क १९७९ च्या अर्थसंकल्पात उठले आणि भार तयार विडी-सिगारेटकडे वळला. मध्ये ३४ वर्षे गेली.

याच निपाणीत १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्ग अडवला आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. आंदोलन व्यापाऱ्यांकडून मिळणाऱ्या भावासाठी होते, शुल्काविरुद्ध नव्हे; तरीही शेतमालाचा भाव शासन पाडते हा जोशींचा सिद्धांत सीमाभागात रुजला तो येथून. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. मराठी मुलुखात शासनमुक्त बाजाराचा विचार शहरी अभ्यासमंडळांतून कमी आणि शेतकऱ्यांच्या सभांतून अधिक पसरला, याचे श्रेय त्यांनाच आहे.

सुवर्ण नियंत्रणाची जखम अधिक खोल होती. चीनशी युद्ध सुरू झाल्यावर २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यास मनाई झाली. १४ कॅरट म्हणजे २४ भागांत १४ भाग सोने, बाकी मुख्यतः तांबे-चांदी. अशा सोन्याला तांबूस झाक येते आणि ते हाताखाली ताठ राहते. बोरमाळेचे मणी किंवा ठुशीचे बारीक काम करणाऱ्या कारागिराचा हात ज्या मऊ धातूवर बसला होता, तो धातूच गुन्हा ठरला. शहापूरच्या सराफ गल्लीसारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या हातोडी-चिमट्यावर जगलेल्या घरांना हा फटका थेट चुलीपर्यंत बसला. देशभर हजारो सुवर्णकार बेकार झाले. १४ कॅरटची अट १९६६ मध्ये गेली, आणीबाणी जानेवारी १९६८ मध्ये उठली. पण त्याच वर्षी सुवर्ण नियंत्रण हा स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत टिकला. ज्या धोरणाने घरातले सोने बाहेर काढायचे होते त्याने चोरटी आयात पोसली, हे टीकाकारांचे म्हणणे मान्य करावे लागते.

अलीकडील प्रसंग

८ नोव्हेंबर २०१६ च्या निश्चलनीकरणाने मूल्याच्या हिशेबात ८६ टक्के चलन एका रात्रीत बाद केले. बेळगावच्या मागवाल्यांची मजुरी आठवड्याला आणि रोखीने; निपाणीतील विडी वळणाऱ्या बायकांचीही रोखीनेच. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. गावच्या सोसायटीचे कर्ज फेडायला हातात पैसे घेऊन गेलेला शेतकरी सोसायटीच्या दारातून परत फिरला. बाद नोटांपैकी ९९.३ टक्के अखेर परत आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक मताने निर्णय वैध ठरवला. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या भिन्नमतानुसार असा निर्णय केंद्र सरकारच्या पुढाकाराने घ्यायचा तर त्यासाठी कायदा हवा होता. स्वातंत्र्यवादी टीकेचा गाभा याच मुद्द्यात आहे: बँकेची स्वायत्तता संकटाच्या दिवशीच कसाला लागते.

करोनाकाळात प्लेगसाठी केलेला १८९७ चा साथरोग कायदा पुन्हा उपयोगात आला, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना निपाणीजवळच्या सीमेवरील कोगनोळी नाक्यावर चाचणीचा दाखला दाखवावा लागला. कागलला नोकरी आणि निपाणीला घर असलेल्यांसाठी ती रोजची अडवणूक होती.

आक्षेप व मर्यादा

मध्यवर्ती बँक नव्हती तेव्हाही ठेवीदार सुखरूप नव्हते. १९१३-१४ मध्ये भारतात अनेक बँका बुडाल्या आणि त्यांना सावरणारे कोणी नव्हते. १९६० मध्ये केरळातील पालाई सेंट्रल बँक कोसळल्यावर ठेव विमा आला, तो १९६२ पासून. हा आक्षेप वजनदार आहे, आणि स्वातंत्र्यवाद्यांनी दिलेले स्कॉटलंडच्या मुक्त बँकांचे (मध्यवर्ती बँकेविना स्वतःच्या नोटा काढणाऱ्या बँकांचे) उदाहरण त्याला पुरे पडत नाही.

सीमाप्रश्नाची या टीकेशी गल्लत करू नये. १ नोव्हेंबर १९५६ पासून येथील मराठी माणूस जमावबंदी आणि प्रवेशबंदीचे हुकूम अनुभवतो आहे, त्यामुळे सत्तेविषयीचा संशय त्याला नवा नाही. पण महाराष्ट्र एकीकरण समितीची मागणी दुसऱ्या राज्यात जाण्याची आहे, राज्यसंस्था आक्रसण्याची नाही.

सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवणारा वटहुकूम करोनाकाळातच, जून २०२० मध्ये निघाला. टीकाकारांना तो रॅचेटचा आणखी एक दात वाटतो. बुडालेल्या बँकांचे ठेवीदार मात्र अशा देखरेखीची मागणी आधीपासूनच करीत होते. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. कर्नाटकच्या १९९७ च्या कायद्याखालील सौहार्द सोसायट्यांना आणि पतसंस्थांना तो लागू नाही, आणि बेळगावच्या बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरून गोळा होणाऱ्या पिग्मीचा (रोजच्या छोट्या बचतीचा) बराच पैसा याच संस्थांत जमा होतो.