जुन्या गाडीचा ब्रेक मास्टर सिलेंडर बदलणं (बेळगाव सीमाभाग)

ब्रेक मास्टर सिलेंडर म्हणजे बॉनेटखाली ड्रायव्हरच्या समोर, बूस्टरच्या (पायाचा जोर वाढवणारा गोल डबा) तोंडाला दोन नटांवर बसलेला छोटा पंप, ज्याच्या डोक्यावर ब्रेक ऑइलची पांढरी टाकी असते. पायडल दाबलं की आतला पिस्टन पुढं सरकतोय आणि पाइपातल्या ऑइलमधनं तो दाब चारी चाकांना पोचतोय. पास्कलचा नियम, बाकी काही नाही. बेळगावात उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत हायड्रॉलिकचं काम इतकं चालतंय की इथल्या टर्नरला बोअर (सिलेंडरचं आतलं भोक), सील, दाब ही भाषा समजावून सांगायला लागत नाही, खरं स्वतःच्या गाडीच्या ब्रेकला हात लावताना तोच माणूस जरा बिचकतोय.

अँबॅसिडर, पद्मिनी आता क्वचित दिसतेत, तेव्हा इकडं जुनी गाडी म्हणजे बहुतेक मारुती ८०० नाहीतर ओम्नी. ८०० डिसेंबर १९८३ ला आली, २०१४ ला बंद झाली, तरी खानापूर, निपाणी, चिकोडीकडं अजून पळतेत. एकदम जुन्या गाड्यांत सिलेंडरला एकच कप्पा, म्हणजे एका चाकाचं पाइप फुटलं की चारी ब्रेक गेले. नंतरच्या टँडम सिलेंडरमध्ये एकामागं एक दोन पिस्टन आणि दोन वेगळ्या लाइनी असतात, एक गेली तरी दुसरी कशीबशी गाडी थांबवते.

खराब होण्याचं मूळ बहुतेक वेळा ऑइलातच असतंय. डॉट ३, डॉट ४ ही ऑइलं हवेतलं पाणी ओढतात. नवं डॉट ३ किमान २०५ अंशापर्यंत उकळत नाही, साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की तीच हद्द १४० वर येते. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला पाणी कुठनं येतंय हे सांगायला नको. त्याच पाण्यानं बोअरला आतनं बारीक खड्डे पडतात आणि पिस्टनवरचा रबराचा कप तिथं घासून फाटतोय.

आता चोर्ला घाट उतरताना पायडल अचानक पोकळ झालं आणि गाडी थांबवून गार केल्यावर परत आलं, तर ऑइल उकळून पाइपात वाफ झालीय, मास्टरला लगेच दोष देऊ नका. उलट बेळगावच्या दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी उभी आहे, पाय ब्रेकवर हलका ठेवलाय आणि पायडल हळूहळू खाली बसायलाय, बाहेर कुठं थेंबभर गळती नाही, तर कप आतल्या आत ऑइल सोडतोय. टाकी कमी होतेय आणि चाकं कोरडी असतील तर सिलेंडर बूस्टरपासनं जरा ओढून मागचं तोंड बघा; ओलं असलं तर ऑइल बूस्टरमध्ये चाललंय, मग बूस्टरचा आतला पडदाही खराब होतोय.

रबराचं किट टाकायचं की अख्खा सिलेंडर? किट स्वस्त, म्हणून सगळ्यांचा कल तिकडंच. बोअर आरशासारखा असला तर किट चालतंय, नखाला खड्डा लागला तर अख्खाच बदलायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या बोअरला होनिंग मारून (आतनं घासून गुळगुळीत करून) घेतो म्हणणारे भेटतात, खरं वरचा कडक थर गेला की नवा कपही टिकत नाही.

खोलायचं काम तासाभराचं. टाकीतलं ऑइल सिरिंजनं ओढून घ्यायचं, खाली चिंधी धरायची, कारण हे ऑइल पेंटवर सांडलं की रंग उचलतोय, सांडलंच तर लगेच पाणी मारायचं. पाइपाच्या नटांना, बहुतेक दहाचे, साधा पाना लावला की कोपरे गोल होतात, तिथं खाचेचा रिंग पाना पाहिजे. नवा सिलेंडर आधी व्हाइसमध्ये धरून, भोकातनं नळ्या परत टाकीत सोडून, पिस्टन हळूहळू दाबत बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढायची. हे टाळलं की पुढं दिवसभर पायडल स्पंजासारखं राहतंय. बसवताना नट आधी हातानंच फिरवायचे. बूस्टरचा दांडा आणि पिस्टन यात बारीकशी फट लागते, फट नसली तर ऑइल टाकीत परत येत नाही आणि थोडं चालल्यावर चाकं आपोआप धरतात.

खरी मेहनत एअर काढण्यात. एकजण पायडलवर, एकजण चाकाखाली निपलवर (हवा सोडायचा छोटा स्क्रू), आणि इकडच्या गॅरेजात मेस्त्री कानडी, मदतीला बसलेला मालक मराठी असं नेहमीचंच, त्यामुळं "ओत्तु... हिडि... बिडु" म्हणजे दाब, धर, सोड, हे तीन शब्द आमच्याकडं ब्रेक दुरुस्तीतच पाठ होतात. निपल उघडं असताना पाय उचलला की हवा परत आत, मेस्त्रीच्या शिव्या मात्र दोन्ही भाषेत. मास्टर उजवीकडं असल्यानं साधारणपणे सगळ्यात लांबचं डावं मागचं चाक आधी घेतात, मग उजवं मागचं, डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं; लाइनी तिरक्या जोडलेल्या गाडीत क्रम वेगळा असू शकतोय, तेव्हा मॅन्युअल बघावं. टाकी मधेच रिकामी होऊ द्यायची नाही. सिलेंडर जुनाच ठेवून नुसतं ऑइल बदलत असाल तर पायडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर कप कधी न गेलेल्या गंजक्या भागावर जाऊन कापतोय.

माझ्या ८०० ला एकदा एका गॅरेजात टाकीत इंजिन ऑइल टॉपअप केलेलं. चार दिवसांत सगळी रबरं फुगली, मास्टरबरोबर चारी चाकांची किटं आणि होजपाइपंही बदलावी लागली.

काम झाल्यावर इंजिन चालू करून अर्धा मिनिट पायडल दाबून धरायचं, बसत नसेल तर मोकळ्या मैदानात हळू फिरवायची, आणि दुसऱ्या दिवशी नटांवर बोट फिरवून ओल बघायची. तवर घाटाकडं न्यायची नाही.