मुख्याध्यापकांना पाठबळ (मुंबई)

मुख्याध्यापकांना पाठबळ : शाळा चालवणाऱ्या मुख्याध्यापकाला प्रशिक्षण, मार्गदर्शन, हाताखालचे मनुष्यबळ आणि निर्णयाचा अधिकार मिळवून देणारी व्यवस्था, आणि तिच्यामुळे विद्यार्थी, पालक व वस्ती यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या संधी. मुंबईत ही व्यवस्था एकाच छत्राखाली नाही. महानगरपालिकेच्या मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा पालिकेच्या शिक्षण विभागाकडे येतात. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांचा कारभार दक्षिण, पश्चिम व उत्तर अशा तीन शिक्षण निरीक्षक कार्यालयांमार्फत चालतो. जागेच्या टंचाईमुळे पालिकेच्या एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा, त्याही सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत, भरताना दिसतात. तेथे प्रत्येक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक असला, तरी पाण्याची टाकी, मैदान आणि फाटकावरचा पहारेकरी सामाईक असतो, आणि टाकी कोणी साफ करून घ्यायची हे बहुधा परस्परांच्या समजुतीवर ठरते.

मुख्याध्यापकपद प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेने मिळते. खाजगी शाळांत १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम व त्याखालील १९८१ ची नियमावली लागू असून, तीत पात्रता व अनुभवाच्या अटींबरोबर ज्येष्ठतेला निर्णायक स्थान आहे. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षे गणित किंवा मराठी शिकवलेली व्यक्ती एका सोमवारी वेतन देयके, सेवापुस्तके आणि इमारत दुरुस्तीचे प्रस्ताव यांच्यासमोर बसते. पदाच्या अस्तित्वाचा प्रश्न याहून अवघड आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या अधिनियमाच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० पेक्षा अधिक मुले असली तरच मुख्याध्यापकाचे पद येते. सहावी ते आठवीसाठी ही संख्या १०० पेक्षा अधिक आहे. पट घसरलेल्या मराठी शाळांना याची झळ विशेष लागते, कारण तेथे एखादा शिक्षक स्वतःचा वर्ग सांभाळून प्रभारी म्हणून काम पाहतो. ज्या शाळेला पट वाढवण्यासाठी वस्तीत फिरणारा माणूस सर्वाधिक हवा, तिथेच तो नियमाने मिळत नाही.

या कामाचे स्वरूप संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेच्या शिक्षकपदांना मंजुरी मिळण्याच्या, दिवसांत जवळून दिसते. शाळेला किती शिक्षक मिळणार हे पटावर ठरते आणि पट आधार क्रमांकाशी पडताळला जातो. एखाद्या मुलीची जनरल रजिस्टरातील (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतील) जन्मतारीख आधारवरील तारखेशी जुळली नाही, किंवा एका ठिकाणी आडनाव आधी व दुसऱ्या ठिकाणी नंतर आले, तर रोज वर्गात बसणारी ती मुलगी ऑनलाइन नोंदीत अडकून पडते. मग मुख्याध्यापक आईला बोलावतात, ती घरकामाचा खाडा करून येते, आधार केंद्राची वारी होते. लिपिक नसलेल्या प्राथमिक शाळेत हा सारा पाठपुरावा मुख्याध्यापकाच्या मोबाइलवरूनच चालतो. शिक्षण हक्काच्या अधिनियमाच्या कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम देता येत नाही. परंतु पटाची माहिती भरणे हे सहसा अशैक्षणिक काम मानले जात नसल्याने या कलमाचा येथे फारसा उपयोग होत नाही.

प्रशिक्षणाच्या बाजूने राष्ट्रीय पातळीवर २०१२ मध्ये शालेय नेतृत्वासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले, २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमात प्राथमिक स्तरावरील शिक्षकांबरोबर मुख्याध्यापकांनाही घेण्यात आले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाकाठी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. जवळपासच्या शाळांनी एकत्र येऊन साधने वाटून घ्यावीत, ही शाळा संकुलाची कल्पना मात्र कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) काळापासूनची आहे. सभागृहातील दिवसभराच्या व्याख्यानापेक्षा शेजारच्या शाळेतील अनुभवी मुख्याध्यापकाबरोबर घालवलेला अर्धा दिवस नव्या माणसाला अधिक उपयोगी पडतो, हे या क्षेत्रातील बहुतेकांना मान्य असते. त्या अर्ध्या दिवसाची रजा मिळवणे, हा वेगळा विषय.

शाळा व्यवस्थापन समिती ही शाळा आणि वस्ती यांना जोडणारी कायदेशीर कडी आहे. विनाअनुदानित शाळा वगळता इतरांना ती बंधनकारक असून, तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून येतो आणि मुख्याध्यापक सचिव असतो. शाळा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम. समितीची सभा दुपारी तीनला ठेवली तर रोजंदारीवरचे पालक येत नाहीत आणि इतिवृत्तावर सह्या नंतर गोळा होतात. सायंकाळी ठेवली तर गर्दी होते, मात्र शिक्षकांना लोकल गाठायची असते.

मुलांपर्यंत पोहोचणाऱ्या अनेक संधींची वाट मुख्याध्यापकांच्या टेबलावरून जाते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत होते आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण अर्ज शाळेमार्फत जातो. सहावी व नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मुंबईतच जन्मली असून लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेबरोबर तिच्यात प्रकल्प आणि मुलाखतही असते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांनाही शाळेचा पुढाकार लागतो. शेवटची तारीख एका फलकावर लिहिली गेली की नाही, यावर एखाद्या चाळीतील मुलाची चार वर्षांची मदत ठरू शकते.

वस्तीला शाळेत घेण्याचा ठळक मुंबईकर प्रयोग ‘मुक्तांगण’ या शैक्षणिक संस्थेचा. २००३ मध्ये गिरणगावात सुरू झालेल्या या कामात आसपासच्या चाळींतील व वस्त्यांतील महिलांना शिक्षिका म्हणून घडवण्यात आले आणि पालिकेच्या शाळांत वर्ग चालवण्यात आले. याखेरीज २०१३ च्या कंपनी अधिनियमाने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केल्यापासून, कंपन्यांची मुख्यालये असलेल्या या शहरात शाळांकडे देणगीदारांचा ओघ वाढला. संगणक, ग्रंथपेट्या आणि भिंतींवरील रंगीत चित्रे यांना दाते सहज मिळतात. लिपिकाच्या पगाराला, किंवा तिसऱ्या वर्षी बंद पडलेल्या संगणकांच्या दुरुस्तीला, क्वचितच.